साइड बॅग घेण्याआधी स्टे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडीची चाहूल लागली की सोलापुरातून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, फार तर हंपीपर्यंत मोटारसायकलवरच्या सहली सुरू होतात आणि मिटिअर, ॲव्हेंजर अशा क्रूझर (ठेंगण्या सीटच्या, लांब पल्ल्याच्या) गाड्या साइड बॅगा बसवून घ्यायला दुकानांपुढे उभ्या राहतात. (क्लासिक ३५० काटेकोरपणे क्रूझर नव्हे, पण तिचेही गणित तेच.) ग्राहक मोबाइलवर बॅगेचा फोटो घेऊन येतो. चामड्याची की कॅनव्हासची, किती लिटरची, बकल पितळी की प्लास्टिकचे, एवढीच चौकशी. बॅग ज्या लोखंडी चौकटीवर टेकायची त्या स्टेबद्दल कोणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. पुढे बॅग सायलेन्सरवर भाजते, टायरवर घासते, शिवणीतून उसवते आणि बोल बॅगेला लागतो. दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो. हे काम करणारे आम्ही काहीजण वाचकांसाठी त्याचा तपशील लिहीत आहोत. आपण जागा द्यावी ही विनंती.

सीटवरून आडव्या टाकायच्या, मधल्या पट्ट्यांनी जोडलेल्या जोड बॅगा ‘स्टेशिवाय चालतात’ असे सांगून विकल्या जातात. रिकाम्या असताना चालतात, हे खरे. पाच किलो माल पडला की बॅगेचा खालचा भाग आत चाकाकडे झुकतो, कारण साइड पॅनेल संपल्यावर तिला टेकायला शॉकअपखेरीज काहीच उरत नाही. शॉकअपची स्प्रिंग प्रत्येक खड्ड्याला दबते-सुटते आणि दर वेळी बॅगेचे कापड चिमटते. तिथेच पहिले भोक पडते. त्यामुळे बॅग लहान असो वा मोठी, मऊ असो वा कडक, स्टे हवाच.

चांगला स्टे गाडीला तीन ठिकाणी धरलेला असतो : शॉकअपचा वरचा बोल्ट, ग्रॅब रेल (मागच्याने धरायची दांडी) किंवा मडगार्डचा बोल्ट आणि मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटचा बोल्ट. दोनच ठिकाणी धरलेला स्टे त्या दोन बोल्टांच्या रेषेभोवती थरथरत राहतो आणि शेवटी तुटतो. तडा वेल्डिंगमध्ये जात नाही, वेल्डिंग संपते तिथल्या पाइपवर जातो. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली की तो तडाच समजावा. डावा आणि उजवा स्टे मडगार्डच्या मागून एका आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजेत. स्वस्तातल्या स्टेमध्ये नेमकी हीच पट्टी गाळलेली असते, मग वजनाने दोन्ही बाजू हळूहळू आत वाकतात आणि एके दिवशी बॅग टायरला लागते. स्टे करवून घेणार असाल तर १० मिमीची भरीव सळई किंवा १६ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाइप सांगावा. खुर्च्या-टेबलांचा पातळ पाइप दिसायला तोच असतो, पण तो रस्त्यावर टिकत नाही. पाइपची तोंडे बंद करून घ्यावीत आणि सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचे एक भोक ठेवावे, नाहीतर धुताना आत शिरलेले पाणी आतूनच पाइप खाते.

चासीला वेल्डिंग मारून स्टे लावून देणारेही आहेत. तसे करू नये. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांवर इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक असतो. गाडीवरच वेल्डिंग केले तर त्याला धक्का बसू शकतो. तापवलेल्या नळीचे मूळचे बळ आणि रंग दोन्ही जातात, कंपनीची वॉरंटीही वादात सापडते. बोल्टने लावलेला आणि बोल्ट काढला की सुटणारा स्टेच घ्यावा.

शॉकअपच्या वरच्या बोल्टापाशी सर्वांत जास्त चुका होतात. स्टेची पट्टी साधारण ४ मिमी जाड असते. ती शॉकअपच्या डोळ्याबाहेर बसवून जुनाच नट लावला, तर १.२५ मिमी पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांतले अंतर) एम-१० म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टवर तीन आटे कमी पकडले जातात. शॉकअप धरून ठेवणाऱ्या नटाचे तीन आटे गमावणे हा बारीकसारीक मामला नव्हे. नट पूर्ण बसून बोल्टाचे किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर त्याच व्यासाचा, त्याच पिचचा, डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण कोरलेला आणि जुन्यापेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब बोल्ट घ्यावा. बिनखुणेचा बोल्ट इथे लावू नये. घुमटासारखा बंद नट असेल तर उलटीच फसगत होते : बोल्ट नटाच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पट्टी मात्र सैलच राहते. अशा वेळी एक वायसर वाढवावा किंवा आरपार नट लावावा. शॉकअपचा डोळा त्याच्या रबरी बुशवर फिरायला मोकळा हवा. पट्टीने तो चेपला तर मागची चाल कडक होते आणि बुश लवकर जातो.

पावडर कोटिंगबद्दल (भुकटी भाजून चढवलेल्या रंगाबद्दल) एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोटिंगचा जाड थर वायसरखाली राहिला तर तो दाबाने चेपत जातो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. वायसर बसतो तेवढ्या जागेवरचा थर खरवडावा आणि गंजू नये म्हणून तिथे ग्रीसचा हात फिरवावा. आट्यांना मात्र ग्रीस लागू देऊ नये, तिथे निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब घालावा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की तो पुन्हा न वापरता नवा घ्यावा. एम-६ बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर आणि एम-८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर एवढा आवळण्याचा जोर पुरतो. शॉकअपच्या बोल्टसाठी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच घ्यावा. बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला सगळे बोल्ट एकदा तपासावेत. तुळजापूरला जाऊन आले की ते अंतर होते.

आता सायलेन्सर. बॅग आणि सायलेन्सर यांतले अंतर खड्ड्यात कमी होते असा समज आहे. तसे होत नाही. सायलेन्सर चासीला बांधलेला असतो आणि स्टेही चासीलाच, त्यामुळे शॉकअप दबला तरी दोघे बरोबरच खाली-वर होतात. हलते ते चाक, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) आणि साखळी. सायलेन्सरकडचे अंतर कमी होते ते बॅगेचे पट्टे सैल पडल्याने, माल भरून तळ फुगल्याने आणि पावसात चामडे ताणल्याने. म्हणून हे अंतर रिकाम्या बॅगेवर मोजून उपयोग नाही. भरलेल्या बॅगेच्या तळापासून सायलेन्सरपर्यंत किमान पाच सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. बॅगेचा मागचा खालचा कोपरा सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हे वेगळे बघावे.

बॅग भाजते ती धावत्या गाडीवर क्वचित. मोहोळपर्यंत दामटून आलेली गाडी चहाला थांबली की वारा बंद होतो आणि सायलेन्सरची धग सरळ वर बॅगेच्या तळाला लागते. नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळते, पण पीव्हीसीचा थर ७०-८० अंशांनाच मऊ पडतो. त्यामुळे पाण्याला दाद न देणारी ताडपत्रीची बॅग उन्हाळ्यात सायलेन्सरजवळ सर्वांत आधी दगा देते. उजव्या स्टेच्या तळाला एक मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, स्टेच्या पाइपपासून सेंटिमीटरभर अंतर ठेवून, स्क्रूने बसवला तर बराच फरक पडतो. पत्रा थेट बॅगेला शिवून काही साधत नाही, मधली हवाच खरे काम करते. मिटिअर ३५० आणि ॲव्हेंजरला सायलेन्सर उजवीकडे आहे, म्हणून उजवी बॅग जरा उथळ घेतली तर चालते. सुपर मिटिअर ६५० ला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत. तिथे दोन्हीकडे हा हिशेब करावा लागतो.

डाव्या बाजूचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे आणि परदेशी व्हिडिओंत त्याचे उत्तर सापडत नाही. आई किंवा पत्नी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसते ती डावीकडेच, आणि डावी बॅग नेमकी पायांच्या जागी येते. मग स्टेला जागा व्हावी म्हणून साडी गार्ड काढून ठेवला जातो. हे धोक्याचे आहे आणि बेकायदाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक आहे. साडी गार्ड तेच काम करतो. बॅग ते काम करत नाही, कारण ती काढली की चाक आणि साखळी उघडी पडते. पदर किंवा ओढणी साखळीत गेली तर चालवणाऱ्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. साडी गार्डच्या बाहेरून बसणारे स्टे मिळतात. त्यांनी रुंदी चार-पाच सेंटिमीटर वाढते, ती वाढू द्यावी. ज्यांच्या गाडीवर रोज कुणीतरी एका बाजूला बसते त्यांनी कायमच्या बॅगांचा नाद सोडावा आणि चटकन काढता येणाऱ्या बॅगा घ्याव्यात. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यासाठीही, मागच्या फूटरेस्टवर बूट ठेवल्यावर टाच बॅगेला लागत नाही एवढी बॅग मागे हवी.

बॅगेच्या कापडाविषयी थोडक्यात. अस्सल चामडे देखणे, पण जड. आपल्या उन्हात ते कोरडे पडून घडीवर तडकते, त्याला वरचेवर तेलपाणी करावे लागते. रेक्झिन त्याहून लवकर सोलते. १००० डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉन किंवा १६८० डेनिअरचे पॉलिएस्टर, आतून कोटिंग असलेले, हा आमच्या मते इथल्या हवेला सर्वांत बरा पर्याय. पाठीला ३ मिमीचा प्लास्टिकचा ताठ पत्रा हवा, नाहीतर बॅग स्टेच्या पाइपांमधून आत फुगते. चादरीच्या गावात कापडाची पारख कुणाला शिकवायला नको, पण चाटी गल्लीत कापड उलटसुलट करून बघणारा माणूस बॅग घेताना ती उलटी करून शिवण बघत नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण आहे का आणि आतून जादा कापडाचा तुकडा लावला आहे का, ते पाहावे. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असावा, सुती दोरा पाण्याने कुजतो. झिपपेक्षा वरून झाकण आणि बकल बरे, कारण धुळीने झिपचे दात झिजतात. एका बाजूला २० ते २५ लिटर पुरतात. मोठी बॅग घेतली की जागा आहे म्हणून भरली जाते.

पावसासाठी बाहेरून घालायचे रेनकव्हर बॅगेबरोबर फुकट मिळते आणि तेवढ्याच किमतीचे असते. वेगात ते फुगते, इंडिकेटर झाकते आणि इलॅस्टिक सुटले तर चाकात जाते. त्यापेक्षा माल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बॅगेत ठेवावी.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी बॅगेच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका स्टेला बांधून बघावा. पैसे देण्याआधी हे करता येते. बॅगेचा तळ मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या दांडीच्या) रेषेच्या वर राहावा आणि वजनाचा मध्य ॲक्सलच्या पुढे पडावा. चेन ताणण्याचा नट, शॉकअप कडक-सैल करण्याची कडी आणि मागच्या चाकाची दांडी बाहेर ओढायची जागा, या तिन्हींपर्यंत पाना पोचतो का ते पाहावे. दांडीच्या वाटेत स्टे आला तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर चाकाआधी स्टे खोलत बसावे लागते. दोन्ही बॅगांसह एकूण रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. मधल्या मारुतीच्या गर्दीत किंवा आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांच्या कडेने जाताना हँडल निघाले की बॅगही निघेल, एवढा अंदाज त्यामुळे राहतो. मग खऱ्या बॅगा बांधाव्यात. पट्टे सीटखालून घेतले तर ते बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा वायरवर चेपत नाहीत ना आणि सीटचे कुलूप नीट लागते ना, हे तपासावे. पट्ट्यांची लोंबती टोके कापून मेणबत्तीवर भाजून बंद करावीत. डावीकडचे लोंबते टोक साखळीत जाते. बॅग रंगाला टेकते तिथे पारदर्शक फिल्म चिकटवावी, कारण बॅग आणि पॅनेल यांच्यामधली धूळ पॉलिश पेपरचे काम करते.

शेवटी चाकाची चाचणी. दोन्ही बॅगांत पाण्याच्या बाटल्या भरून वजन करावे, बॅगांच्या आतल्या बाजूला खडूची पूड चोळावी, दोघांनी गाडीवर बसून मागचा भाग जोराने दाबावा आणि कमी वेगात दोन-चार गतिरोधकांवरून न्यावी. टायरवर, साखळीच्या कव्हरवर किंवा शॉकअपच्या स्प्रिंगवर खडू उमटला तर स्टे बाहेर घ्यायला हवा.

इंडिकेटर झाकले जाणे ही क्रूझरची कायमची अडचण, कारण दांडीवरचे मागचे इंडिकेटर बॅगेच्या ओळीतच येतात. ते नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना आणण्यासाठी ब्रॅकेट मिळते. वायर लांबवताना नुसती पिळून टेप गुंडाळू नये. डाख देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि वायर स्टेच्या कडेवर घासणार नाही अशी बांधावी. जुनेच इंडिकेटर हलवावेत. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावले की इंडिकेटर भरभर उघडझाप करू लागतो आणि त्याची उघडझाप चालवणारा रिलेही बदलावा लागतो. मागून आणि बाजूने, दहा पावलांवरून, दोन्ही इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि नंबर प्लेट दिसली पाहिजे.

वजनाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. मॅन्युअलमध्ये गाडीची भारक्षमता दिलेली असते. समजा ती १८० किलो आहे. चालवणारा ७५ आणि मागचा ६५ धरला तर उरले ४०. त्यातून स्टेचे ५, रिकाम्या बॅगांचे ४ आणि नंतर बसवलेल्या लेग गार्डचे ६ किलो वजा केले की उरतात २५. हेल्मेट, जॅकेट, हत्यारे यांत आणखी पाच-सहा जातात. म्हणजे बॅगांत भरायला वीसही किलो नाहीत, आणि मऊ बॅगेला एका बाजूला सात किलोंच्या वर जाऊ नये असे आमचे मत आहे. डाव्या-उजव्या वजनात एक किलोपेक्षा जास्त फरक नको. हत्यारे, शेंगाचटणीचे डबे असे जड सामान खाली आणि पुढे, कपडे वर. जड माल ॲक्सलच्या मागे गेला की पुढचे चाक हलके होते आणि पुण्याच्या रस्त्यावर वेग वाढताच हँडल लटपटू लागते. गाडी साइड स्टँडवर असेल तर आधी डावी बॅग भरावी, उतरवताना आधी उजवी. भरल्यावर दोन्ही शॉकअपची कडी सारख्याच खाच्यांनी कडक करावी, हवा डबल सीटच्या आकड्याप्रमाणे मारावी आणि रात्री निघणार असाल तर हेडलाइट थोडा खाली घ्यावा, नाहीतर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पेट्रोलची बाटली बॅगेत कधीच नको. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना उन्हात उभ्या काळ्या बॅगेत लायटर, स्प्रेचे डबे, पॉवर बँक आणि औषधेही ठेवू नयेत.

डिलिव्हरीवाल्यांसारखा मोठा डबा मागे लावणाऱ्यांनी मोटार वाहन नियमांतील २०२० ची दुरुस्ती लक्षात घ्यावी : डबा ५५० मिमी लांब, ५१० मिमी रुंद आणि ५०० मिमी उंच, याहून मोठा नको, आणि तो मागच्या सीटच्या जागेवर असेल तर मागे माणूस बसवता येत नाही.

शहरातील ॲक्सेसरीज विक्रेत्यांना आणि वितरकांना दोन विनंत्या आहेत. साडी गार्ड काढून स्टे बसवायला सांगितले तर नकार द्यावा. आणि स्टे विकताना त्याच्याबरोबर योग्य लांबीचे, ८.८ खुणेचे बोल्ट द्यावेत. आज ते ग्राहकाला वेगळे शोधावे लागतात आणि न मिळाल्यास जुन्याच बोल्टवर काम भागवले जाते. परिवहन कार्यालयाने आणि वाहतूक पोलिसांनी रस्ता सुरक्षेच्या मोहिमांत हेल्मेटबरोबर साडी गार्ड आणि झाकलेले इंडिकेटरही तपासावेत.

आपले,
मोटारसायकलला स्टे व बॅगा बसवणारे काही कारागीर,
सोलापूर